उंबरा नावाचा देश आणि माझ्या बाकीच्या वस्तू

मी, वय चोवीस, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची धाकटी मुलगी, हे मृत्युपत्र माझ्या खोलीत पलंगावर बसून स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते राहावं म्हणून दुपारचं गुंगीचं औषध मी आज घेतलेलं नाही. ताई याची साक्ष देऊ शकेल, कारण त्यावरून आमचं सकाळीच वाजलंय. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. घरात सगळ्यांचा दबाव आहे तो मी हे लिहू नये यासाठी. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही.

कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्ट बाई शेजारी बसल्या आहेत. कायद्याचं काही चुकलं की त्या सांगतात. त्यांनी आणलेल्या छापील नमुन्यात जमीन, दागिने आणि वाहन यांच्यासाठी जागा होती, देशासाठी नव्हती. म्हणून कोऱ्या कागदावर लिहितेय.

१. आजार रक्ताचा आहे. मे महिन्यात डॉक्टर बाबांना म्हणाले की आता घरी न्या, तिला आवडेल ते करू द्या. बाबांनी बाहेर येऊन मला सांगितलं की सुधारणा आहे. बाबा, तुमचं खोटं पहिल्या शब्दातच कळतं. पण तुम्ही इतकं मन लावून बोलत होता की मी मान डोलावली.

२. माझा कॉम्प्युटर ताईला. त्यावर जग जिंकायचे सतरा खेळ आहेत, ते तिने खुशाल उडवावेत. ती दिवसभर कुरिअरची व्हॅन चालवते आणि घरी येऊन म्हणते की दिवसभर नकाशाच बघत होते, आता पुन्हा नको. हिरव्या फोल्डरमध्ये माझे फोटो आहेत, ते उडवू नयेत. आजारपणातले उडवले तरी चालतील.

३. जगातल्या छोट्या देशांची माझी जाड वही बाबांना. दोन बलाढ्य देशांच्या मधे सापडलेले देश कसे टिकले, कुणाला कसं गुंगवत राहिले, आणि शेवटी काय झालं, हे मी त्यात सहावीपासून लिहीत आले. पेपरातली कात्रणं चिकटवली आहेत. बाबा बातम्या बघताना टीव्हीवर ओरडतात की मोठे देश ठरवतील तेच होणार. मी त्यांच्याशी तासन्‌तास वाद घातला. जेवणं थंड झाली, आई ताटं उचलून आत गेली. तर बाबा, वही शेवटपासून वाचा. "शेवटी काय झालं" हा रकाना मी एकदाच सलग वाचला आणि परत वाचला नाही. तुमचं बरोबर होतं. हे तोंडावर सांगणं मला जमलं नसतं.

४. "परग्रह" हे माझं विज्ञानकथांचं मासिक. एकेचाळीस अंक निघाले, सगळे मी लिहिलेले, झेरॉक्स काढलेले, स्टेपल मारलेले. सर्वाधिक खप एकोणीस. उरलेले अंक पलंगाखालच्या खोक्यात आहेत. लायब्ररीत विचारलं होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, स्टेपल केलेलं आम्ही घेत नाही. त्यामुळे ते रद्दीत द्यावेत. आई, ठेवू नकोस. आठवण म्हणून ठेवशील आणि दर वेळी झाडताना रडशील. माझ्या सगळ्या गोष्टींमध्ये कुणी ना कुणी तीनशे वर्षं जगतं, आणि आता मला ते वाचवत नाही.

५. माझे डोळे आणि बाकी काही कुणाच्या उपयोगी पडेल का, हे मी हॉस्पिटलमध्ये विचारलं होतं. या आजारात चालत नाही म्हणाले. तेव्हा या कलमात देण्यासारखं काही नाही.

६. आता उंबरा. हे समजावून सांगायला मला फार आवडतं, थोडं सहन करा.

झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर आमचा क्लब आहे. तिथे फ्रीजच्या खोक्यांचे आठ पुठ्ठे जोडून केलेला नकाशा आहे. तो एका दूरच्या चंद्राचा. माणसं तिथे जाऊन चारशे वर्षं झाली आहेत आणि इथल्यासारखीच भांडतायत. एक वळण म्हणजे एक महिना. महिनाभर एकमेकांना खलिते लिहून दुकानातल्या ड्रॉवरमध्ये टाकायचे. शेवटच्या रविवारी सगळ्यांच्या हुकमांची पाकिटं एकदम उघडायची. हुकूम लिहिला तो पाळावाच लागतो. खलित्यात मात्र खोटं चालतं. तसा नियमच आहे, आणि खेळाची सगळी मजा त्यातच आहे.

सुरुवातीला नऊ देश होते. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं, कुणी उगाच यायचं बंद झालं. आता तीन उरले. पैलतीर झेरॉक्सवाल्या काकांचा, लोहसंघ चष्मेवाल्याचा, आणि मधे सहा चौकोनांचा उंबरा, माझा. एक खाण, एक खिंड, बंदर नाही. मी तेरा वर्षांची असताना तो मला मिळाला कारण दुसऱ्या कुणालाच नको होता. मी तो अकरा वर्षं टिकवला. कसा? काकांना पटवायचं की मला गिळलंत तर लोहसंघ थेट तुमच्या दारात येईल, आणि लोहसंघाला पैलतीराची तीच भीती घालायची. एकशे एकतीस वळणं! जगाच्या इतिहासात एवढं कुणाला जमलं असेल तर वहीत दाखवा.

नियमाप्रमाणे खेळाडू गेला आणि त्याने लेखी वारस नेमला नसेल, तर शेजारी फासे टाकून त्याचा देश वाटून घेतात.

७. झेरॉक्सवाल्या काकांना माझे सगळे फासे आणि बटणांचं सैन्य. काका, वळण साठमध्ये तुम्ही चहा सांडल्याचं नाटक करून माझी खाण दोन चौकोन सरकवली होतीत. मी पाहिलं होतं. तुम्ही माझ्याकडून मासिकाच्या झेरॉक्सचे पैसे कधी घेतले नाहीत, म्हणून गप्प बसले.

८. चष्मेवाल्याबद्दल. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, क्लबात मला त्यानेच नेलं. मला "महाराणी, सहा चौकोनांची" म्हणायचा. आमच्या दोन देशांत तह होता आणि तो मोडायचा विचार दोघांच्याही मनात सतत असायचा. त्याशिवाय कसली मजा.

वळण अठ्ठ्याऐंशी. त्याचं सगळं आरमार माझ्या खिंडीच्या पलीकडे समुद्रात उभं होतं. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ड्रॉवरमध्ये त्याचा खलिता आला: "आई गेली. या महिन्यात माझ्याकडून काही होणार नाही. पुढच्या वळणापर्यंत थांब, प्लीज."

मी तो तीनदा वाचला. मला तो फार आवडला. म्हटलं, काय चाल आहे, इतकं खालच्या थराचं मलासुद्धा सुचलं नसतं. काकांना कळवलं की आरमार कुठे आहे. रविवारी आम्ही दोघांनी मिळून ते बुडवलं. तो आला नव्हता, त्याचं पाकीट आधीच ड्रॉवरमध्ये होतं. त्यात हुकमाच्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं.

सोमवारी मी त्याला चिडवायला दुकानात गेले. सोबत बुडालेल्या जहाजांची यादी नेली होती. दुकानाचे मालक म्हणाले, तो आठ दिवस नाही, त्याची आई गेली ना.

तिथून तशीच त्याच्या घरी गेले. त्याने दार अर्धंच उघडलं आणि पाकिटं उघडली का विचारलं. मी हो म्हटलं. बरं म्हणाला आणि दार लावून घेतलं.

त्याला साडेतीन वर्षं झाली. तो क्लबात येतो, खेळतो, माझ्याशी बोलत नाही. खलिते येतात ते "लोहसंघाकडून उंबऱ्यास" अशा मायन्याचे. मागच्या वर्षी माझा नंबर वाढला तेव्हा काचा त्यानेच घासल्या. चष्मा काउंटरवरच्या मुलीने दिला, आतून मशीनचा आवाज येत होता. मी माफी मागितली, एकदा नाही, अकरा वेळा. पण ती खलित्यात मागितली. मला दुसरीकडे लिहिताच येत नव्हतं. जिथे खोटं चालतं तिथे लिहिलेली माफी कोण खरी मानणार, हा विचार मला, म्हणजे स्वतःला मुत्सद्दी समजणाऱ्या मला, शिवलाच नाही.

आणि मे महिन्यात मी तेच पुन्हा केलं. खलिता लिहिला: "मी आता जगत नाही. उंबरा तू घे. काका त्याचे तुकडे करतील." उत्तर एका ओळीचं आलं: "मिळाला. नोंद घेतली." काकांनी नंतर ताईला सांगितलं की ही चाल आहे का, असं तो त्यांना विचारत होता. काका म्हणाले, मला काय माहीत, ती दोन महिने आलीच नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्याने खिंडीसमोर दोन तुकड्या आणून ठेवल्या. मीही तेच केलं असतं.

म्हणून हे मृत्युपत्र. मी बाईंना विचारलं की कुठल्या कागदावर लिहिलं तर माणूस विश्वास ठेवतो. त्या म्हणाल्या, "यात खोटं लिहून माणसाला मिळणार काय?"

तर मी लिहून देते की आई गेल्याचा खलिता मला खोटा वाटला होता. तू खरं बोलशील, ही शक्यता मी धरलीच नाही. एवढ्या वर्षांच्या मैत्रीत मी तुला कधी खेळाबाहेर पाहिलंच नव्हतं. तू माफ करावंस अशी अट नाही.

~~उंबरा हा देश, त्याचे सहा चौकोन, खाण आणि खिंड यांसह, मी चष्मेवाल्याला देते. त्याने तो लोहसंघात विलीन करू नये, वेगळा ठेवावा.~~

मला माहीत आहे की त्याने काही फार होणार नाही. काकांचं आरमार थंडीपर्यंत तयार होतं आणि मग खिंड पडते. पण कुणाच्या तरी नावावर असताना पडावी.

९. हे कलम दुपारी तीननंतर लिहिलं आहे.

दोन साक्षीदार लागतात. घरच्यांना काही ना काही मिळतंय म्हणून घरचे चालत नाहीत. एक बाई स्वतः. दुसऱ्या शेजारच्या काकू ठरल्या होत्या. पण ताई मला न विचारता व्हॅन घेऊन चष्म्याच्या दुकानात गेली आणि त्याला घेऊन आली. कामाचा एप्रन त्याच्या अंगावर तसाच होता, बोटांना काचेची पांढरी पूड. तो दारातच थबकला. केस गेल्यापासून त्याने मला पाहिलं नव्हतं. आईने खुर्ची दिली. मी कागद त्याच्या हातात दिला आणि वाच म्हटलं.

त्याने सावकाश वाचलं. कलम सातला किंचित हसला. कलम आठचं पान परत पहिल्यापासून वाचलं.

"मेमध्ये लिहिलंस ते," तो म्हणाला.

"खरं होतं."

"मला कळायला हवं होतं."

"मला पण," मी म्हटलं.

मग त्याने बाईंना विचारलं, दुसरा साक्षीदार कोण. बाईंनी काकूंचं सांगितलं. मी सही करतो म्हणाला. बाईंनी त्याला समजावलं की साक्षीदाराला या कागदातून काही घेता येत नाही, सही केलीस तर तुला दिलेलं बाद होईल. तो म्हणाला, होऊ दे.

मला राग आला. खूप दिवसांनी इतका आला, बरं वाटलं जरा. मी म्हटलं की मूर्खपणा करू नकोस, वारस नसला तर फासे पडतील, काका दोन वळणांत खिंड घेतील.

"आणि मी घेतला तर?"

मी हिशेब केला. चार वळणं.

"म्हणजे चार महिने मी तुझ्या जागेवर बसायचं," तो म्हणाला. "तुझ्या नावाने खलिते लिहायचे. लोहसंघाला पण, म्हणजे मलाच. नाही जमणार गं मला."

मी म्हटलं की मग तुला नक्की हवंय तरी काय. तो कागदाकडेच बघत होता.

"तू दिलेलं वाचून मी एकदा नुसती नोंद घेतली," तो म्हणाला. "आता सही करायचीय."

मी पेन परत हातात घेतलं. कलम आठमधली देशाबद्दलची दोन वाक्यं मी माझ्या हाताने खोडली आहेत. बाकी कलम तसंच राहील. उंबऱ्याला वारस नाही. मी गेल्यानंतरच्या रविवारी फासे पडतील. काकांनी ते दुकानातल्या काउंटरवर टाकू नयेत, नकाशावरच टाकावेत.

हे मृत्युपत्र अमलात आणायचं काम ताईकडे. ती रडत रडत करेल, पण वेळेवर करेल.

स्थळ: राहतं घर, माझी खोली
दिनांक: सोळा ऑगस्ट, दुपारी चार वाजून दहा मिनिटं

सही
(जरा वाकडी आली आहे. माझीच आहे.)

साक्षीदार एक: टायपिस्ट, कोर्टाबाहेरील तिसरे टेबल.
मृत्युपत्र करणाऱ्या व्यक्तीने माझ्यासमक्ष सही केली. ती पूर्ण शुद्धीत होती.
सही

साक्षीदार दोन: काच कारागीर, चष्म्याचं दुकान.
हिने माझ्यासमोर सही केली. ती शुद्धीत होती. यात लिहिलेलं सगळं खरं आहे.
सही

(साक्षीदाराने फक्त सहीची साक्ष द्यायची असते, मजकुराची नाही, हे साक्षीदार दोन यांना समजावून सांगितले. शेवटचे वाक्य खोडण्यास त्यांनी नकार दिला. — टायपिस्ट)