तळ्याच्या तपासणीचे पाच लाख

४ मार्च, सकाळी
डोंगरावर खाण येऊ घातली आहे. तिच्यामुळे आपलं पिण्याच्या पाण्याचं तळं आटेल का, हे नगरपालिकेने स्वतःचा तज्ज्ञ लावून तपासावं आणि एकतीस तारखेच्या आत मत कळवावं, म्हणून सरकारने पाच लाख दिलेत. अध्यक्ष म्हणाले, वहिनी, सगळ्या सदस्यांत पैसा सांभाळणाऱ्या तुम्हीच. काम माझ्याकडे आलं. देवाची कृपा. संकल्प : एक दिडकी वाया जाऊ देणार नाही.

७ मार्च
पाण्याचे तज्ज्ञ येऊन गेले. तीन लाख मागितले. कशाचे? तर पाणी जमिनीखालून कुठे जातं ते सांगण्याचे. म्हटलं, उताराकडे जातं. मॅट्रिकला भूगोलात एकाहत्तर होते मला. अर्धा कप चहा देऊन वाटेला लावलं. ह्यांचं म्हणणं, अगं, ते पैसे खर्च करायलाच दिलेत. अशानेच घरं बुडतात.

१० मार्च
कंपनीचा रिपोर्ट स्वतःच वाचणार. आठशे बारा पानं. पूजा आटोपून रोज चाळीस. वीस-एकवीस दिवसांत फडशा.

१६ मार्च
पान एकोणीस. पक्ष्यांची यादी आहे. पक्षी चांगले आहेत.

२२ मार्च
पान तेवीस. पाहुणे होते. चष्म्याचा नंबरही वाढला असावा, पण डॉक्टर उगाच फी घेतात. डोंगराच्या पलीकडच्या गावी दिलेल्या नणंदबाईंचा फोनवर टोमणा : वहिनी, आमच्या नगरपालिकेने तीन तज्ज्ञ लावलेत, तुम्ही निदान अर्धा तरी लावा! सासरी जाऊन उधळी झाली.

२७ मार्च, दुपारी
रिटायर्ड ड्रॉइंग मास्तरांनी तळ्याची खोली मोजली. फुकट. कपडे वाळत घालायची दोरी, टोकाला माझा बत्ता. दोरी संपली, तळ लागला नाही. नोंद केली : पुरेसं खोल. बत्ता सुटून तळ्यात गेला. मास्तरांकडून भरून मागणं बरं दिसणार नाही. विचार चालू आहे.

३० मार्च
मत लिहून झालं. पाठकोऱ्या कागदावर दीड पान. कुरियरवाला अवाच्या सवा सांगत होता. साध्या पोस्टाने टाकलं. देव पोचवील.

१२ एप्रिल
पाच लाख जसेच्या तसे सरकारला परत. तिथला क्लार्क बघतच राहिला. म्हणाला, बाई, इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. मला भरून आलं.

२ मे
पत्र आलं. मत सहा दिवस उशिरा पोचलं, निधी अखर्चित राहिला, सबब आपल्या नगरपालिकेची हरकत नाही असं धरलंय. नणंदबाईंच्या तज्ज्ञांचं मात्र सगळं मान्य. खाण त्यांच्या बाजूकडून उचलून बरोबर आपल्या तळ्याच्या डोक्यावर. अध्यक्षांनी पत्र दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं, घडी करून खिशात घातलं. तोंडावर कौतुक करायचा स्वभावच नाही त्यांचा.

३ मे
ह्यांना न सांगता पाण्याची दोन मोठी पिंपं घेतली. घासाघीस केली नाही.