समुद्राला चढताना

शनिवार, १४ जून

आज अप्पांना बुइटनव्हेल्डर्टच्या माझ्या घरून झीलंड या डच प्रांताचा समुद्र दाखवायला नेलं. गुरुवारी ते साताऱ्याला परत जातील. त्यांचा गुडघा पाहता पुन्हा येणं होईल असं वाटत नाही. वाटेत पवनचक्क्या, कांद्याची शेतं, एक कालवा, तोही रस्त्यापेक्षा उंच. पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेला माणूस; सारखी गाडी थांबवायला लावत होता.

शेवटी मी सवयीने म्हणाले, "आता खाली उतरलं की समुद्र."

अप्पांनी खाली पाहिलं. तिथे गाई चरत होत्या. समुद्र उंच बांधापलीकडे होता, आणि बांधाला पायऱ्या.

"कोकणात उतरतात गं. इथे समुद्राला चढतात होय?"

"राहू द्या अप्पा, गुडघा."

ऐकलं नाही. कठडा धरून, दर तीन पायऱ्यांना थांबत चढले. वर पोचल्यावर समुद्र जेमतेम पाहिला आणि मागे वळले. एकदा पाणी, एकदा गाई. पुन्हा पाणी.

"तुझं घर यात कुठल्या पातळीला?"

"गाईंच्या."

"म्हणजे दोन महिने मी समुद्राखाली झोपतोय?"

खूप हसले. मी तर आठ वर्षं झोपते आहे. एकदाही कुणाला विचारलं कसं नाही?