डोंगराच्या वतीने

१४ जानेवारी
बेपोआसेला पोहोचायला खरा खर्च काय पडला ते आधी लिहून ठेवतो. एक टायर. एक नवा पांढरा सदरा, ज्यावर शेजारच्या बाईच्या डब्यातलं पामतेल सांडलं. अर्धा रस्ता त्या बाईशी भांडण, आणि उरलेला अर्धा रस्ता तिच्या मुलीच्या लग्नाची हकिगत. कंपनी टायर मान्य करील. बाकीचं माझ्या अंगावर.

पण गाव पाहिलं आणि सगळं वसूल झालं. कोको वाळत घातलेला, कोंबड्या त्यातून फिरतायत, बायका त्यांना हाकलायच्या निमित्तानं एकमेकींना टोमणे मारतायत. आणि सगळ्यांच्या डोक्यावर ओफिरी डोंगर. करडा, उघडा, माथ्यावर तेवढी झाडं राखलेला. कंपनीला तो खडीसाठी हवाय. परवाना देणारी संस्था म्हणते, आधी शेजाऱ्यांना विचारा. शेजाऱ्यांना विचारणं हा माझा धंदा.

मी कोफोरिदुआच्या स्टँडवर ट्रोट्रोच्या, म्हणजे भाड्याच्या छोट्या बसच्या, दारात लोंबकळून गावांची नावं ओरडत मोठा झालो. माणसाला गाडीत बसवायचं तर अर्धं काम तोंडाचं आणि अर्धं कानाचं. मागच्या बाकावर कोण भाडं बुडवायचं कुजबुजतंय ते मला इंजिनाच्या आवाजातूनही कळायचं. आजही भिंतीपलीकडे कुणी तांदूळ निवडत असेल तर खडा पडलेला मी ओळखतो. या कानांवर मी घर बांधलंय.

उतरलोय मामे सेरवाकडे. विधवा बाई, फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदांचा गोळा, झकास कुटते. रस्त्याचं काम का, म्हणून विचारलं. म्हटलं नाही, दगडाचं. त्यानंतर ती जरा जास्तच जोरात कुटायला लागली.

१७ जानेवारी
गावच्या नानांना भेटून आलो, बाटली घेऊन. इथं मुखियाला नाना म्हणतात, आजोबाला नाना म्हणतात आणि डोंगरालाही नानाच. मुखियाशी थेट बोलायचं नाही. आपण बोलायचं ते ओक्यामेशी, म्हणजे नानांच्या तोंडाशी, आणि उत्तर येतं तेही त्याच्याच तोंडून. इथला ओक्यामे ओपारे, वाळक्या मिरचीसारखा म्हातारा. नाना नुसते खाकरले, तर यानं त्याचं एवढं मोठं भाषण करून दिलं. मी हसलो तेव्हा म्हणाला, आजेकुम, तू पैसे घेऊन परक्यांचं बोलतोस, मी घरच्यांचं बोलतो, एवढाच काय तो फरक.

शेजाऱ्यांची नावं त्याच्याकडून घेतली. शेवटी म्हणाला, एक राहिला. स्वतः नाना ओफिरी. त्याची सभेत खुर्ची असते, काठी असते. काठी धरून त्याच्या वतीनं बोलणारा वारला, तेव्हापासून जागा रिकामी आहे. मी मनात म्हटलं, म्हातारा एक बकरा जास्त मागतोय.

२२ जानेवारी
जनसुनावणी झाली. मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या पिशव्या. संस्थेकडून लार्टे मॅडम आल्या होत्या. बुटक्या, सरळ, कुणाचं पाणीसुद्धा घेत नाहीत. लोकांनी धुळीचं विचारलं, भिंतींना तडे जातील का विचारलं, बायकांनी ओढ्याचं विचारलं. मी एकेकाला समजावलं, दोघांना हसवलं, एकाला त्याच्याच भावाकडून गप्प बसवलं.

मग मॅडमनी विचारलं, सगळ्या शेजाऱ्यांचं ऐकून झालं का? ओपारेनं रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. सगळे पायाकडे बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, गावची रीत आहे तर सभा पुरी झाली असं मला लिहिता येणार नाही. म्हणजे पुन्हा मांडव, पुन्हा खुर्च्या. मी उठलो, काठी उचलली, त्या खुर्चीत बसलो आणि ट्रोट्रोतल्या आवाजात म्हणालो, मी बोलतो नाना ओफिरींच्या वतीनं. नानांची काही हरकत नाही.

हशा येईल असं वाटलं होतं. आला नाही. मुखिया स्वतः उठले आणि घाईघाईनं जमिनीवर मद्य ओतलं, जणू मी शब्द मागे घेईन. बायका हात मिळवायला आल्या. एकटी मामे सेरवा उठून घरी गेली. ओपारे कानाशी म्हणाला, नानांच्या शब्दाला मी आयुष्यभर दागिने घातले, पण नाना गप्प असले की मीही गप्प. तू त्यांच्या नावानं आपलाच शब्द बोललास. मी म्हटलं, काम झालं ना? म्हणाला, झालं बाबा, झालं. फार दिवसांचं अडलेलं काम झालं.

२६ जानेवारी
काठी रीतसर माझ्या खोलीवर पोचवली, सोबत पांढरी कोंबडी. मामेनं ती शिजवली नाही, सोडून दिली. कान मात्र आणखी तयार झालेत. सरडा डोंगरावर चढतोय तो इथं बसून ऐकू येतो. खडकाच्या पोटात कुठंतरी पाणी ठिबकतंय तेही. ओपारेला सांगितलं, तर त्यानं फक्त मान हलवली.

३ फेब्रुवारी
अहवालासाठी खडकाचा नमुना लागतो. क्वानसा नावाचा केप कोस्टचा ड्रिलवाला मशीन घेऊन आलाय. सकाळी त्यानं भोक पाडायला घेतलं तेव्हा मी जेवत होतो. मांडीत अशी कळ आली की ताट उलटलं. पँट वर केली. मांडीत भोक आहे. गोल, स्वच्छ, बोट जाईल एवढं. रक्त नाही. आत बोट घातलं तर करडी भुकटी निघाली.

४ फेब्रुवारी
क्वानसा पिसाळलाय. नमुना पेटीत आहे, खडकावर लाल रंगाचं वर्तुळ आहे, पण वर्तुळात भोक नाही. खडक सपाट आहे. माणसांना ओरडत होता की आमच्या केप कोस्टला चोर गाडीची चाकं नेतात, नवरी नेतात, पण भोक अजून कुणी चोरलं नव्हतं. मीही सगळ्यांबरोबर हसलो. हसताना पाय टेकवत नव्हता.

६ फेब्रुवारी
मामे सेरवानं मांडी पाहिली आणि खाली बसली. मग सांगितलं. आधीचा काठी धरणारा तिचाच नवरा. रस्त्यासाठी ट्रकवाल्यांनी डोंगराचा पायथा फोडून नेला. ट्रक भरून गेले, रस्ता झाला, आणि पायथा होता तसाच. तिचा नवरा मात्र पायांपासून वर संपत गेला. लहान मुलाएवढा उरला होता, तरी उचलायला सगळी आळी लागली, म्हणाली. डोंगराला लागतं ते त्याच्या तोंडाला लागतं.

मी म्हटलं, सगळ्यांना ठाऊक होतं? म्हणाली, नाहीतर ती खुर्ची रिकामी कशाला राहिली असती. मग आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, पांढऱ्या सदऱ्याच्या साहेबा, तू आल्यापासून दुसऱ्या कुणाला बोलू दिलंस?

९ फेब्रुवारी
निघालो होतो. कंपनी गेली खड्ड्यात. ट्रोट्रोत बसलो, पुलापर्यंत ठीक. पुलापुढच्या चढावर गाडी थांबली. स्प्रिंगा करकरल्या, मागची चाकं जमिनीत बसली. ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, वोफा, अहो मामा, खिशात सिमेंट भरलंय का? लोक हसले. मी उतरलो की गाडी हलते, मी चढलो की बसते. दोनदा करून पाहिलं, मग कुणी हसेना. मेटनं, म्हणजे गाडीच्या क्लीनरनं, माझी पिशवी हळूच रस्त्याकडेला ठेवली. मी ओरडायला तोंड उघडलं, त्याची आईबहीण काढायला, माझ्याच धंद्यातला पोरगा तो. घशातून खरखर आली फक्त.

गाव एवढं जवळ, पण परत चालायला संध्याकाळ झाली.

११ फेब्रुवारी
काठी खुर्चीवर आडवी ठेवून दाराबाहेर मांडली. माणसं वळसा घालून जातात. माझी सुटका व्हायची तर दुसऱ्या कुणीतरी आपल्या तोंडानं म्हणायला हवं, मी बोलतो. कोण म्हणणार.

ओपारे म्हणाला, काठीनं दिलेला शब्द काठीनंच मागे घ्यायचा, भरसभेत, आवाजानं. मॅडमना चिठ्ठी पाठवली की एक शेजारी आपलं म्हणणं बदलू इच्छितो. त्यांचं उत्तर आलं: निर्णय अजून व्हायचा आहे, येते. चांगली बाई. आज कितीतरी दिवसांनी जेवलो. आवाजही येतोय थोडा. मीठ दे, पाणी दे, एवढं बोलता येतं. चार शब्द तर बोलायचेत. नाना ओफिरींची हरकत आहे.

दिवसभर तेच घोकतोय.

२० फेब्रुवारी
मॅडम आल्या. सगळं गाव आलं. मला दोघांनी धरून खुर्चीत बसवलं. काठी हातात घेतली. मॅडम म्हणाल्या, बोला मिस्टर आजेकुम, सावकाश बोला. तोंड उघडलं. आवाज आला, खणखणीत, स्टँडवरचा माझा जुना आवाज.

नानांची काही हरकत नाही.

मी बोललो नाही ते. जीभ माझी, दात माझे. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच, आणखी मोठ्यानं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम वही मिटत म्हणाल्या, एवढ्यासाठी मला एवढ्या लांबून बोलावलंत?

ओपारेनं मला घरी आणलं. वाटेत म्हणाला, मला वाटलं होतं नाना गप्प राहतील. पण ते कशाला हरकत घेतील? दगड निघेल आणि त्यांना ओरखडाही जाणार नाही. गावाला काम मिळेल आणि डोंगर जागच्या जागी. वाईट कुणाचंच होत नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, माफ कर.

२३ फेब्रुवारी
मॅडमना सगळं लिहून पाठवलं. मांडीसकट. उत्तर सौम्य आहे. दोन वेळा सगळ्या गावासमोर तुम्ही स्वतः बोललात, मी ऐकलं. आता कंपनीचाच माणूस उलट लिहितो, ते मी कशाच्या आधारावर धरू? विश्रांती घ्या, कोफोरिदुआला डॉक्टरला दाखवा. त्यांचं चुकत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच लिहिलं असतं.

आवाज गेला. मीठसुद्धा मागता येत नाही. मामे समजून देते.

६ मार्च
परवाना मिळाला. मुखियांकडे ढोल. मला घरी मेंढ्याची मांडी पाठवली. कंपनीकडून निरोप, उत्तम काम, आजेकुम.

१९ मार्च
माथ्यावरची झाडं तोडली. उशीवर सगळे केस. मामेनं गोळा करून पुरले. वर झाडं आहेत तशीच आहेत, म्हणते. लाकूड मात्र ट्रकमधून गेलं.

२ एप्रिल
बुलडोझर. माती खरवडतायत. पाठीवर कपडा ठेवता येत नाही. मामे शियाचं लोणी लावते आणि रडते. मी तिला सांगू शकत नाही की लावू नको, तुझे हात —

तिच्या हातांची सालं निघालीत. माझ्या पाठीवर घासून.

८ एप्रिल
हलता येत नाही. व्हरांड्यात खुर्चीतच. क्वानसा आला होता. टोपी काढली. म्हणाला, वोफा, मी नोकर माणूस. उद्या ओळीनं भोकं पाडायचीत. मी मान हलवायचा प्रयत्न केला. त्याला होकार वाटला.

९ एप्रिल
छातीवर. एक. मग दुसरं. सरळ ओळीत, हात चांगला आहे त्याचा. वारा आत जातो.

मामे चिंध्या कोंबते —

१० एप्रिल
भोकं भरली. थंड काहीतरी, आत, जड. वायरी दिसत नाहीत पण —

लिहायला बोटं वळत नाहीत. पेन्सिल मामेनं मुठीला बांधलीय.

११ एप्रिल
गाव शाळेच्या मैदानात हलवतायत. मला उचलायला आले. सगळे लागले. खुर्ची मोडली, मी नाही हललो. मामे जात नव्हती. ओपारेनं तिला ओढत नेलं. ती मागे वळून काहीतरी म्हणत होती. ओठ हलताना दिसले, आवाज नाही —

लाल निशाण चढलं. सुरुंगाआधी भोंगा होतो, क्वानसानं सांगितलं होतं, लांबच लांब, खालच्या गावांपर्यंत जातो.

इथून दिसतंय, मैदानात सगळ्यांनी कानांवर हात ठेवलेत. पोरांनीसुद्धा.

भोंगा होऊन गेला. मला ऐकू आला नाही. म्हणजे आता —