निळा चिमटा

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, पण तोंडाचा पट्टा सुरू आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. तिच्या खिडकीतल्या कुंड्या आता अठरा झाल्या. हौस तिची आणि पाणी घालायला मी.

खरं तर फोन करायचा. पण फोनवर तू "बरं आहे ना सगळं?" विचारतोस, मी "हो" म्हणते आणि मग दोघंही फोन ठेवायचं निमित्त शोधतो. अकरा वर्षं हेच चाललंय. म्हणून कागद घेतला.

आधी बातमी. आपल्या ऑफिसातली सर्व्हर रूम बंद होतेय. जुने सर्व्हर, स्टोरेजची ती दोन कपाटं, सगळं भंगारात जाणार. आतली त्रेसष्ट व्हर्च्युअल मशीन नव्या यंत्रणेवर हलवायची आहेत आणि हे घोंगडं माझ्या गळ्यात पडलंय. एसी अजून तसाच खोकतो. तुझी एका चाकाने लंगडी खुर्ची अजून आहे. तिच्यावर दुसऱ्या कोणाला तोल सांभाळता आला नाही, म्हणून कोपऱ्यात ठेवलीय. मी मात्र कधीकधी डबा खायला तिच्यावरच बसते.

त्याच खोलीत तू मला पहिल्या दिवशी शिकवायला बसवलंस. एका लोखंडी खोक्यात साठ कॉम्प्युटर मावतात कसे, असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "इमारत एक, बिऱ्हाडं साठ. ज्याची त्याची खोली वेगळी. ती खोली म्हणजे डिस्क." आणि मग ही डिस्क 'लॉक्ड' का दाखवते, असं मी पुन्हा विचारलं. "अगं, डिस्क इकडून तिकडे हलवताना मध्ये कोणी घुसू नये म्हणून यंत्रणा आतून कडी लावते. न्हाणीघरासारखं. कधीकधी हलवणारं कामच मध्ये मरतं आणि कडी तशीच राहते. बाहेरून मात्र दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून कडी तोडायच्या आधी दार वाजवायचं."

दार वाजवायची तुझी पद्धतही अजब. आईच्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे! तुझा निळा, माझा पिवळा, साहेबांचा लाल. डिस्कवर काम सुरू केलं की दाराजवळच्या फळीवर तिच्या नावाखाली आपला चिमटा लावायचा. ज्याचा चिमटा, त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं फक्त विचारायचं, "हात आहे का आत?" सगळं ऑफिस हसायचं आपल्याला. मला मात्र त्या फळीचा कोण अभिमान होता. किती बरे दिवस होते रे ते! तू मला 'घाईबाई' म्हणायचास आणि मी तुला 'विसरोबा'. छत्री विसरलास, डबा विसरलास, एकदा तर आईलाच दवाखान्यात विसरून घरी आलास.

विसरोबा. तिथंच सगळं घोडं अडलं.

तो दिवस तुझ्या लक्षात असेलच. टेकडीवरच्या हवामान केंद्राची डिस्क तू सकाळी जुन्या स्टोरेजवरून नव्यावर हलवायला लावलीस आणि दुपारी आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलास. तीन वाजता त्या केंद्राच्या नोंदी बघायला पाहुणे येणार होते. साहेब दर दहा मिनिटांनी येऊन विचारत होते, ते मशीन सुरू का होत नाही? ट्रान्सफर तासभर चौऱ्याण्णव टक्क्यांवर थांबलेलं. डिस्क लॉक्ड. तुला फोन लावला, तर तो माझ्याच शेजारच्या खणात वाजला.

त्यानंतरचं मी आजवर कोणालाही सांगितलं नाही. सांगायचं म्हणून चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. हे पाचवं आहे.

दादा, चिमटा होता. निळा, फळीवर, नीट त्या डिस्कच्या नावाखाली. मी तो पाहिला. मनात म्हटलं, विसरोबाचा चिमटा दोन-दोन दिवस लटकतो, काम कधीच मेलं असणार. मी तो काढला, खिशात टाकला आणि हाताने कडी तोडली. मशीन सुरूही झालं. पाच मिनिटं मला स्वतःचं काय कौतुक वाटलं! मग ते बंद पडलं ते कायमचं. काम मेलेलं नव्हतंच. हळूहळू चाललेलं होतं. अर्ध्या नोंदी इकडे, अर्ध्या तिकडे, आणि मी मध्येच दार तोडून आत शिरले होते.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "फळीवर चिमटा होता?" मी म्हणाले, "मला दिसला नाही." एवढं एकच वाक्य. तू फळीकडे पाहिलंस, स्वतःचे खिसे चाचपलेस आणि म्हणालास, "लावायचा विसरलो असेन." सगळ्यांना पटलं. तू विसरलास यात कोणाला नवल वाटणार होतं?

अडीच वर्षांच्या नोंदी गेल्या. केंद्रातल्या कागदी वह्या मागवून तू आठ महिने त्या एकट्याने टाइप केल्यास आणि मग दूरच्या शाखेत बदली मागून घेतलीस. मी म्हणाले होते, "मदत करू?" तू म्हणालास, "नको, तू तुझं बघ." तू घरी आलास की आई प्रत्येक वेळी हसत म्हणायची, "काय रे, आज तरी चिमटा लावलास का?" तू हसायचास. मी पानात बघत जेवायचे. हळूहळू तू यायचाच बंद झालास.

आता ऐक. गेल्या आठवड्यात बासष्ट मशीन हलवून झाली. शेवटची एक डिस्क अडून बसली. नाव 'मोडकी'. ट्रान्सफर अर्धवट, लॉक्ड, आणि तारीख अकरा वर्षांपूर्वीची. मी सवयीनं कडी तोडायचा हुकूम टाइपही केला होता. पण हात थांबला. उठले, चारही मजले फिरले आणि एकेकाला विचारलं, "हात आहे का आत?" नव्या लोकांना वाटलं बाईंना काहीतरी झालंय. कोणाचाच हात नव्हता. परत येऊन डिस्कच्या माहितीचा तो रकाना उघडला, ज्यात कधीच कोणी काही लिहीत नाही.

तू लिहिलं होतंस: "मूळ डिस्कची कडी दुपारी १:५२ ला हाताने तोडली. कोणाच्या नावाने, ते पाहिलं. माझा चिमटा फळीवर होता, पक्कं आठवतं. कोणाला सांगायचं नाही. ही त्या डिस्कची मोडकी प्रत, पुसू नये. पुढेमागे वाचवता येईल."

खाली तारीख होती, चौकशीच्या आदल्या दिवशीची.

म्हणजे तुला माहीत होतं. खिसे चाचपलेस तेही मला वाचवायला. मी त्या लंगड्या खुर्चीत बसून इतकी रडले, की एसी दुरुस्त करायला आलेला माणूस उद्या येतो म्हणून निघून गेला.

तू म्हणाला होतास तसंच झालं. त्या मोडक्या प्रतीतून नव्या साधनांनी सोळाशे ओळी वाचवता आल्या. त्या मी तुझ्या टाइप केलेल्या नोंदींशी ताडून पाहिल्या, एकेक करून, तीन दिवस. चुका किती निघाल्या असतील? दोन. त्यातली एक वहीतलीच. दादा, तुला वेंधळा म्हणणाऱ्यांची जीभ झडो, आणि त्यात पहिली माझी.

साहेब निवृत्त झालेत. नव्या साहेबांना मी सगळं लिहून दिलंय, सहीनिशी. माझं काय व्हायचं ते होईल. कालच आईलाही सांगितलं. ती कुंडीतली माती उकरत होती. हात तसेच मातीत ठेवून म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी त्याला..." आणि पुन्हा माती उकरू लागली. आज सकाळी मात्र तिनं तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकली.

निळा चिमटा अकरा वर्षं माझ्या कपाटात रुमालात होता. तुला पाकिटातून पाठवणार होते. मग तुझा नियम आठवला. म्हणून तो फळीवर पुन्हा लावलाय, होता तिथेच, 'मोडकी'च्या नावाखाली. नव्या साहेबांना सांगितलंय, हे कपाट एवढ्यात बंद करता येणार नाही, आत एका माणसाचा हात आहे. त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय.

ज्याचा चिमटा, त्यानंच येऊन काढायचा. मी हात लावणार नाही.

या वेळी दार वाजवून बाहेर उभी असलेली,
तुझी घाईबाई