हजेरीच्या दिवशी लपवलेल्या वहाणा

आबा, तुमच्या वहाणा मीच लपवल्या होत्या, ज्वारीच्या कणगीमागं. तुम्हाला ते तेव्हाच कळलं असणार. तरी लिहिते आहे, कारण लिहायलाच मी उतारवयात शिकले.

बांधाच्या भांडणात तुम्ही शेजाऱ्याचा हात मोडला होता. मुन्सफानं सहा महिन्यांची कैद सुनावली, पण वय बघून मुचलक्यावर घरी सोडलं. अट एकच, वर्षभर रोज दिवस मावळायच्या आत तुमच्या गावच्या चावडीवर हजेरीचा अंगठा द्यायचा. एक दिवस चुकला की सगळी कैद भोगायची. हे मला ठाऊक होतं. पण मला केदारखेड्याला सासरी येऊन दोन वर्षं झाली होती, आणि तुम्ही पहिल्यांदा आलात ते भाकरी खाऊन लगेच उठायला. माझं डोकंच फिरलं.

"वहाणा दे पोरी, दोन कोस जायचंय."

"पाटील आपल्याच भावकीतले हायत. एक दिवस न्हाई गेलं तर काय व्हतंय?"

"पाटील आपला हाय, हुकूम न्हाई. जल्दी दे."

वहाणा कुत्र्यानं नेल्या असतील, असं मी सांगते. तुम्ही गाडीखाली वाकून बघता, सावली कुठवर आली ते बघता, मग माझ्या तोंडाकडं एकदा बघता आणि अनवाणीच निघता. वाटभर बाभळीचे काटे. मी वहाणा घेऊन दारापर्यंत धावले. गावातून सून पळताना दिसली तर लोक काय म्हणतील, असं मनाशी म्हणत थांबले. खरं तर कबूल करायची हिंमत नव्हती.

तुम्ही पोचलात तेव्हा चावडीत कंदील लागला होता, आणि नेमका तालुक्याचा जमादार तपासणीला आला होता. उशीर का झाला, असं त्यानं विचारलं. "लेकीकडं जेवलो, मंग डोळा लागला," एवढंच तुम्ही सांगितलंत. पाटलांनी पुष्कळ रदबदली केली, पण मुन्सफानं ऐकलं नाही. सहा महिने तुम्ही औरंगाबादच्या तुरुंगात काढलेत.

सुटल्यावर तुम्ही आधी माझ्याकडं आलात. अंगणात बसलात. दिवस मावळला तरी उठला नाहीत. "आबा, अंधार पडतोय, निघा," मीच म्हणाले. तुम्ही निघालात, आणि पुन्हा आला नाहीत. त्याच वर्षी गेलात.

हे पत्र धाडायचं कुठं? सुटून आलात त्या दिवशी तुम्हाला कुठंच हजेरी द्यायची नव्हती. तुमच्यासमोर बसायची मला लाज वाटत होती, म्हणून मी तुम्हाला घालवलं.