गळ्यावरचा ओघळ

११ जानेवारी, शनिवार

अपॉइंटमेंट घेतली! फोन ठेवला आणि दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्यांच्या खोक्यांवर बसूनच राहिले. मी? प्लास्टिक सर्जनकडे?

सकाळी अभयसरांनी जाहिरातीसाठी स्टाफचा फोटो काढायचं ठरवलं. सगळ्यांनी नवीन फ्रेम घालून काउंटरमागे उभं राहायचं. मीपण केस नीट करून उभी राहिले. तर सर म्हणाले, "अनुजा, फोटो तू काढ ना. तुझा हात स्थिर असतो."

नऊ वर्षं मी गिऱ्हाइकांसमोर आरसा धरतेय! फोटो काढला. छान आला.

जेवणाच्या सुट्टीत नंबर शोधला. क्लिनिक दादरलाच आहे, बाई डॉक्टर. २० तारीख, सोमवार – माझी सुट्टी.

१२ जानेवारी

घरी सांगितलं. आई तांदूळ निवडत होती, तिचा हात ताटातच थांबला. "दुखवतील गो तुका."

बाबा खाटेवरून, पेपरमागून – "आता कित्याक? तुझ्या आवशीक विचार. तिचीच करणी."

आईने मान खाली घातली. हे वाक्य आमच्या घरात दर सणाला असतं, पाहुणे असले तरी असतं. खरं सांगायचं तर मला आईचं वाईट वाटलं नाही. मी तीन वर्षांची होते. ती स्टोव्हला पंप मारत होती, भडका उडाला, मी शेजारी. हनुवटीखालून छातीपर्यंत भाजले. तिने बघायला नको होतं?

१४ जानेवारी

क्लिनिकने व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म पाठवला. कशाने भाजलं, किती वय होतं, तेव्हा जवळ कोण होतं, उपचार कुठे झाले, जुने कागद आहेत का. आईला कागद विचारले तर माझं वाक्य संपायच्या आत म्हणाली, "घर रंगवलं तेव्हा गेले." मग मी कामावर निघेपर्यंत मागे मागे – आणखी काय विचारलंय त्यांनी? तू काय लिहिलंस?

संध्याकाळी म्हणाली, "दुर्गाला नको नेऊस. मी येते."

कमाल आहे! माझ्या थोरल्या बहिणीने, दुर्गाताईने, तर माझ्यासोबत यायला रजापण टाकली. करी रोडच्या त्यांच्या टॉवरमधल्या घरून दोनदा फोन झाला तिचा – काय घालून येऊ, फाइल आणू का. जणू तिचंच ऑपरेशन.

१७ जानेवारी

मानेला काही लावायचं नाही असं क्लिनिकने सांगितलंय. नुसती खाजतेय!

१९ जानेवारी

फोटो पाठवायचे होते. समोरून, डावीकडून, हनुवटी वर करून. दुपट्टा काढला, खिडकीपाशी उभी राहिले आणि मोबाइल आईच्या हातात दिला. तिने धरला. पण बघेचना! "आई, स्क्रीनवर बघ की." तर मोबाइल डब्यांवर ठेवून बाहेर गॅलरीत गेली.

शेवटी मीच काढले. माझी मान मी एवढी मोठी करून कधीच बघितली नव्हती.

विचारायचे प्रश्न लिहिले. पहिला – पूर्ण जाईल का?

२० जानेवारी, सोमवार

काय लिहू. सुरुवातीपासून लिहिते.

डॉक्टरबाई चांगल्या आहेत. पूर्ण जाणार नाही, असं सरळ सांगितलं. आखडलेली कातडी सैल करता येईल, मान वळेल, डाग फिका होईल. मी वहीत उतरवून घेत होते. मग त्यांनी बोटाने मानेवरून खाली रेघ ओढली.

"स्टोव्ह लिहिलंय तुम्ही. कोणी सांगितलं?"

"आईने."

"ही ज्वाळा वाटत नाही मला. वर रुंद आहे, खाली निमुळतं होत गेलंय, बघा. ओघळ आहे हा. पाणी, चहा, असं काहीतरी उकळतं वरून पडलंय."

मी हसलेच. म्हटलं, नाही हो, स्टोव्हच. ताईकडे वळले – सांग ना! ताई खुर्चीत नव्हती.

जिन्यात सापडली. पायरीवर, फाइल पोटाशी धरून.

"मी होते," म्हणाली.

मला कळेचना. कुठे होतीस?

"आई पाण्याच्या लायनीत होती खाली. तू रडत होतीस. मी चहा ठेवला. मोठं पातेलं. मी आठ वर्षांची होते अनू! उतरवताना फडका सुटला."

लोक वर-खाली करत होते. एका बाईने आम्हाला पाणी विचारलं. ताई म्हणाली, आई धावत आली, तुला उचललं आणि मला म्हणाली – तू झोपलेलीस. काही विचारलं तर झोपलेलीस. बाबा तेव्हा पट्ट्याने मारायचे.

"तीस वर्षं, ताई?"

"रोज वाटायचं सांगावं."

मी तिचा हात धरला नाही. धरायला हवा होता. रिक्षात... नाही, टॅक्सीत बसलो, ती करी रोडला उतरली. मी उतरले तेव्हा आमची चिंचपोकळी मागे राहिलेली. ड्रायव्हरला सांगायचंच राहून गेलं.

२१ जानेवारी

दुकानात दोन गिऱ्हाइकांचे नंबर उलटे लिहिले.

सारखं एकच आठवतंय. मी चोवीसची असताना दापोलीच्या स्थळाने नकार कळवला, तेव्हा मी आईला म्हटलेलं, "तू त्या दिवशी घरात नसतीस तर बरं झालं असतं."

ती घरात नव्हतीच! आणि ती तेव्हा काय म्हणाली? "होय गो बाय. चुकलंच माझं."

२२ जानेवारी

आईला सांगितलं की मला कळलंय. ती नळ सोडून भांडी घासत होती. नळ बंद केला नाही.

"दुर्गीने सांगितलं?"

"हो."

"रडली?"

मी म्हटलं, आई, तू माझं बोल ना! मी तुला काय काय बोलले, बाबा काय काय बोलतात, तू एकदा तरी –

"तुझं भाजलेलं दिसत होतं सगळ्यांना. तिचं कोणाला दिसलं असतं? तिला तर त्यांनी मारूनच टाकलं असतं." मग कढई उचलली. "आता ह्यांना काही बोलू नका. इतकी वर्षं गेली."

मी तिच्या पाठीला डोकं टेकून उभी राहिले. साबणाचे हात घेऊन ती तशीच थांबली.

२५ जानेवारी

ताईचा फोन. उद्या ती बाबांना सांगणार. आई नको म्हणतेय, ताई ऐकत नाही. "ती माझ्यासाठी ऐकून घेते. आता मीपण मोठी झालेय ना!" मी हो म्हटलं. बाबा पंच्याहत्तरचे आहेत. धक्का बसेल. आईच्या पाया पडतील का? निदान गप्प तरी बसतील.

२६ जानेवारी

ताईने सगळं सांगितलं. उभं राहून, न रडता.

बाबांनी पेपर खाली केला. "माका तवाच म्हायत होता. हॉस्पिटलात डॉक्टरान सांगितल्यान, गरम पाणी म्हणून. आणि ही दुर्गीच झोपेत बडबडायची."

मी विचारलं, मग इतकी वर्षं आईला का?

"माझ्याशी खोटा बोलली ती."

पेपर परत वर गेला.

आईने गॅस बंद केला. दोन साड्या पिशवीत भरल्या, गुडघ्याचं औषध घेतलं, चपला घातल्या. दारातून ताईला म्हणाली, "चल. तुमची लिफ्ट चालू आसा मां?"