बारा बरण्यांच्या क्लिपा

१४ डिसें., शनि.
शेजारच्या मार्जरीने तिच्या आईच्या बारा बरण्या दिल्या. "ऐंशी झाली मला. आता जर्दाळू कोण भरणार, लव्ह?" सरळसोट बरण्या, तोंड अंगाइतकंच रुंद, म्हणजे अर्धा जर्दाळू न चेंगरता आत जातो. तळाशी नंबर. एकीच्या काचेत बुडबुडा अडकलाय. कधीची हवा असेल ती? अर्धी दुपार उन्हात धरून बघत बसले. कपडे मशीनमध्ये तसेच, आणि बाईसाहेब बुडबुडा बघतायत!
रात्री नऊला नवऱ्याला, अजयला, फोन. तिकडे देशाच्या पार पश्चिमेला, कालगुर्लीत, सहाच वाजलेले, नुकताच खाणीतून आलेला. "जेवलास?" "हं." "बरा आहेस?" "हं." आठ महिने झाले बदलीला. फोन नेहमी मीच करते.

१५ डिसें., रवि.
बरण्या ताज्या जर्दाळूंनी नि पाकाने भरल्या. रबराची रिंग, पत्र्याचं झाकण, वरून स्टीलची क्लिप. मोठ्या पातेल्यात हळूहळू तापवल्या. वाफेत उभी असताना वाटलं, आता अजय मागून विचारणार, "काय शिजतंय?" वळून पाहिलंसुद्धा. वेडी कुठली.

१७ डिसें., मंगळ
मार्जरी बरण्या बघून हसतच सुटली. क्लिपा तशाच, आणि वर मी माझ्या आईसारखे फडक्याचे दादरेही बांधलेले. लोणच्याची सवय, जाते कुठे! म्हणाली, क्लिप फक्त गरम असेपर्यंत. गार झाली की काढायची, मग आतली निर्वात पोकळीच झाकण धरून ठेवते. क्लिप ठेवली तर कुठली बरणी बिघडली ते कळतच नाही.
म्हटलं, राहू दे ना. कळून तरी काय करायचं?
तिने माझा हात थोपटला.
ती गेल्यावर रडू आलं. बरण्यांचं नव्हे ते.

१८ डिसें., बुध
आज फोन केला नाही. मी थांबले तर तो करेल? आणि नाहीच केला तर... नऊ. सव्वानऊ.

२० डिसें., शुक्र.
कालही नाही. आज सकाळी मेसेज: "ऑल गुड?" हा धरायचा का? नाही. मेसेज म्हणजे फोन नव्हे.
मग तिरीमिरीत क्लिपा काढल्या. दहा पक्क्या. अकराव्या बरणीचं झाकण नुसतं हातात आलं, आंबूस वास. इतके दिवस इतरांसारखीच छान दिसत होती ओट्यावर.
बुडबुड्याच्या बरणीला हात लावला नाही.
नऊ वाजून गेले. नाही.

२१ डिसें., शनि.
संध्याकाळचे साडेसात. इथला डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, ओट्यावर अजून ऊन आहे, सगळे जर्दाळू पेटल्यासारखे. किती वेळ नुसती बघत बसले, कुणास ठाऊक. फोन शेजारीच. तिकडे आत्ता साडेचार, शिफ्ट सुटायला वेळ आहे.
शेवटची क्लिप काढली. मार्जरी म्हणते, खात्री करायची तर बरणी नुसत्या झाकणाला धरून उचलायची. उचलली, पण खाली डावा हात धरूनच. तशीच उभी राहिले. बुडबुड्यात ऊन आलं होतं.
मग डावा हात काढून घेतला.
धरलंय. अजून तरी.